काळी पट्टी उजवीकडे

“म्हणे, सिस्टरच्या नवऱ्याला ती गिटार...”

मला एवढंच ऐकू आलं. लॉन्ड्रीवाला आणि जिना पुसणारी बाई तळमजल्यावर कुजबुजत उभे होते. माझ्या चपलांचा आवाज झाला आणि दोघांची तोंडं पटकन मिटली. लॉन्ड्रीवाला एकदम माझ्या चादरींची चौकशी करायला लागला. चादरी मी कधी त्याच्याकडे टाकत नाही, हे त्यालाही माहीत आहे.

सिस्टर म्हणजे आमच्या समोरच्या दारातली. हॉस्पिटलात नर्स आहे, म्हणून सगळी बिल्डिंग तिला सिस्टर म्हणते. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला होता. तो जाऊन काही वर्षं झाली होती. छातीत कळ आली आणि संपलं, पोरीला नीट रडायलासुद्धा वेळ मिळाला नाही. आता गेलेल्या माणसाचं गिटारशी काय उरलंय, हे कळेपर्यंत मला जेवण गोड लागणं शक्य नव्हतं. आमचे हे म्हणतात, “तू पोलिसात का नाही गेलीस?” मी म्हणते, पोलिसांना पगार मिळतो, मी आपुलकीने करते.

तिचा एक डबा माझ्याकडे राहिला होता. खरं तर मी तो अशाच वेळेसाठी ठेवून घेतला होता. संध्याकाळी तो घेऊन मी समोर गेले.

सिस्टर पलंगावर फोन घेऊन बसली होती आणि गिटार भिंतीला टेकवून ठेवलेली होती. तिचं पुन्हा लग्न ठरलं होतं, ते मला ठाऊक होतंच. त्यांच्याच हॉस्पिटलची ॲम्ब्युलन्स चालवणारा माणूस. उंच, शांत, बोलताना समोरच्याकडे नीट बघणारा. मी त्याला जिन्यातच गाठून पुरता तपासला होता आणि पास केला होता.

“काकू, ही गिटार जात नाही हो,” ती म्हणाली.

“जात नाही म्हणजे?”

“विकली जात नाही. जाहिरात टाकून महिना होत आला. माणसं येतात, हातात घेतात आणि ‘कळवतो’ म्हणून जातात. एकाचाही फोन येत नाही.”

मग तिने सगळं मन मोकळं केलं. ऑनलाइन वस्तू विकायची म्हणजे काय ताप असतो, ते मला त्या दिवशी कळलं. एक जण म्हणे गिटारच्या बदल्यात जुनी सायकल देतो. एकाला फोनवर वाजवून दाखवायला हवी होती. एक नुसताच ‘हाय’ म्हणतो आणि गप्प बसतो. वर अनोळखी माणसाला घराचा पत्ता द्यायचा. तो आला की बसवायचा, पाणी द्यायचं आणि दार उघडंच ठेवून त्याच्या हाताकडे लक्ष द्यायचं.

“मग टाकून दे ना. नाहीतर देऊन टाक कुणाला.”

“टाकू कशी? त्याचा जीव होता तिच्यात. आणि फुकट दिली तर लोक माळ्यावर टाकतात. पैसे देऊन नेणारा वाजवेल तरी.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “त्या घरी ही घेऊन नाही जायचंय मला. ते काही म्हणणार नाहीत. पण मलाच... ही गेली ना, की मी सुटले असं वाटेल. ही इथे असताना मला नव्या घरात पाऊल टाकवणार नाही, काकू.”

एवढीशी पोर, पण बोलणं केवढं! मी म्हटलं, “यापुढे गिऱ्हाईक आलं की मला हाक मार. मी कोपऱ्यात भाजी निवडत बसेन.”

दुसऱ्या दिवशी जिना पुसणाऱ्या बाईला चहा पाजून मी वाक्याचं उरलेलं शेपूट काढून घेतलं. सिस्टरच्या नवऱ्याला ती गिटार विकू द्यायची नाहीये, असं लोक म्हणतात. बघायला गेलेला माणूस खाली येतो तो पांढराफटक. एक जण तर पुटपुटत होता, ‘फोटोत एक आणि हातात एक.’

“फोटोत एक आणि हातात एक?”

“आता मला काय विचारता बाई, मी लादी पुसत होते.”

पुढच्या आठवड्यात एक जण आला. शाळेत शिकवतो म्हणाला. मी कोपऱ्यात शेंगा घेऊन बसलेच होते. सिस्टरने गिटारच्या खोळीची चेन ओढली आणि खोलीत वास पसरला. लाकडाचा, बंद कपाटाचा आणि त्याखाली किंचित ग्रीसचा. तिचा नवरा कामावरून आला की जिन्यात असाच वास यायचा. सिस्टर नेहमीप्रमाणे सांगू लागली, “माझ्या मिस्टरांची आहे. ते गेले. फार जपायचे...”

मास्तरांनी गिटार मांडीवर घेतली. एकदा तिच्याकडे पाहिलं, मग खिशातून फोन काढून फोनकडे पाहिलं. पुन्हा गिटारकडे. चेहरा कसनुसा झाला. एका तारेला बोट लागलं आणि ती घुमत राहिली, माझ्या मते जरा जास्तच वेळ.

“कळवतो हं,” असं म्हणून ते उठले.

मी शेंगा तशाच टाकल्या आणि जिन्यात त्यांना गाठलं. “अहो मास्तर, थांबा! काय झालं ते सांगितल्याशिवाय मी सोडणार नाही.”

ते ओशाळले. “कसं सांगायचं हो... त्या बाई नवरा गेल्याचं सांगतायत, अशा वेळी खोटी जाहिरात केलीत म्हणून तोंडावर कसं म्हणणार? ही डावखुऱ्याची गिटार आहे. हे बघा, गोल भोकाशेजारची ही काळी पट्टी फोटोत उजवीकडे आहे. म्हणजे सरळ, नेहमीची गिटार. आणि वर आहे ती डावीकडे पट्टीवाली. तारासुद्धा उलट्या. मला काय उपयोग तिचा?”

मला इतकं हसू आलं की कठड्याला धरावं लागलं. एवढंच होतं तर! सगळ्यांची तोंडं उतरत होती ती भिडेपोटी, आणि आम्ही मात्र भुताखेतापर्यंत जाऊन आलो.

सिस्टरला सांगितलं तर ती डोळे मोठे करून बघतच राहिली. “डावखुरा तर तो होताच. पण गिटारही डावखुरी असते? मी आयुष्यात जवळून एकच पाहिली, काकू. मला वाटायचं, अशीच असते.”

तेवढ्यात तिचा ड्रायव्हर आला. सगळं ऐकून तोही हसला. “समोरच्या कॅमेऱ्याने काढला असणार फोटो. त्यात उलटं येतं. आरशासारखं.”

“असेल बाई. मला कुठे कळतंय त्यातलं,” सिस्टर म्हणाली.

त्याने तिच्याच फोनने, त्याच जागी ठेवून नवा फोटो काढला. काळी पट्टी डावीकडे, जशी होती तशी. जाहिरातीत ठळक लिहिलं, ‘फक्त डावखुऱ्यांसाठी’. मी घरी आले ती गाणं गुणगुणतच.

पण माझा स्वभाव मेला. जुनी जाहिरात मी माझ्या फोनवर साठवून ठेवली होती. रात्रीची भांडी आवरल्यावर सहज उघडली आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. गिटार, पलंगाचा कोपरा, आणि मागे भिंतीवर औषध कंपनीचं कॅलेंडर.

“अहो,” मी ह्यांना हाक मारली, “हे कॅलेंडर वाचता येतंय का?”

“येतंय की. महिना दिसतोय, आकडे दिसतायत.”

“अक्षरं उलटी नाहीत ना?”

“तुझं डोकं उलटं आहे. झोप आता.”

मी झोपले नाही. आरशासारखा फोटो असता तर अक्षरंही उलटी आली असती, एवढं मलासुद्धा कळतं. कॅलेंडर सरळ होतं. पलंग ज्या बाजूला असतो त्याच बाजूला होता. त्या अख्ख्या फोटोत फक्त गिटार तेवढी उलटी झाली होती.

हे सांगायला मी सकाळी समोरच्या दारापर्यंत गेले, घंटेवर बोटही ठेवलं. आतून सिस्टरचा आवाज येत होता, फोनवर कुणाला तरी साडीचा रंग सांगत होती. मी बोट काढून घेतलं. माझ्या पोटात तीळ भिजत नाही, सगळी बिल्डिंग सांगेल. पण त्या दिवशी मात्र मी माघारी फिरले. लग्न तोंडावर आलं होतं. सांगून काय मिळवायचं होतं?

नव्या जाहिरातीला उत्तर आलं ते एका दातांच्या डॉक्टरीणबाईंचं. हसरी, गुबगुबीत बाई. आल्या आल्या डावा हात पुढे करून म्हणाली, “आमच्यासाठी कोण काय बनवतं हो? कात्रीपासून सगळी बोंब.” गिटार घेऊन ती खिडकीशी बसली. मी श्वास धरून कोपऱ्यात. तिने तारा छेडल्या, मान वाकडी करून ऐकलं आणि सिस्टरकडे वळली.

“किती वर्षं वाजवली नाही म्हणालात?”

“ते गेल्यापासून कुणीच नाही.”

“पण ही तर सुरात आहे. पूर्ण.” तिने पुन्हा एकेक तार वाजवून पाहिली. “असं होत नाही. तारा उतरतात.”

“बघायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी लावली असेल,” सिस्टर म्हणाली.

मला मास्तर आठवले. त्यांनी खुंटीला हात लावल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं. बाकीच्यांचं देव जाणे.

डॉक्टरीणबाई मजेत वाजवत राहिली. काही अडलं नाही, काही तुटलं नाही, दिवा लुकलुकला नाही. मी मनातल्या मनात म्हणत होते, अडवायचं तर आत्ता अडव बाबा. पण गिटार खोळीत गेली, खोळ खांद्यावर चढली आणि बाई लिफ्टमधून खाली उतरली सुद्धा. सिस्टर रिकाम्या भिंतीकडे बघून रडली, मग नाक पुसत हसली.

“गेली, काकू.”

“गेली ग बाई. आता तू जा.”

लॉन्ड्रीवाल्याला मी मुद्दाम ऐकवलं. “बघ, विकली गेली गिटार. लोकांच्या जिभेला हाड नसतं.” तो म्हणाला, “मी कुठे काय म्हणालो?”

लग्न कचेरीत, सह्या करून झालं. पाहुणे मोजकेच. एक साक्षीदार मी होते, नवी साडी नेसून. ड्रायव्हर टेबलाशी वाकून सही करायला लागला तेव्हा मी त्याच्या अगदी कोपराशी उभी होते. इतकी जवळ की त्याच्या उजव्या हातातलं पेन कुरकुरत होतं तेही मला ऐकू आलं. ते उठत नव्हतं, म्हणून त्याने झटकलं आणि माझ्या साडीवर शाईचा ठिपका उडाला. तो अजून निघालेला नाही. मग मी एक पाऊल मागे सरले आणि त्याचा सही करतानाचा फोटो काढला. इतर कुणाला सुचलंच नाही. तेवढा एकच फोटो आहे.

घरी आल्यावर चष्मा लावून तो निवांत पाहिला.

भिंतीवर ‘शांतता राखा’ ही पाटी सरळ आहे. शेजारी सिस्टर उभी आहे, ती जशी होती तशीच, पदर ज्या खांद्यावर होता त्याच खांद्यावर. ड्रायव्हरच्या शर्टाचा खिसा मात्र उजव्या बाजूला आहे. घड्याळ उजव्या मनगटावर आहे. आणि पेन डाव्या हातात आहे.

मी फोन उशीखाली पालथा ठेवला. बाहेर जिन्यात कुणीतरी लिफ्ट बोलावली होती. ती घरघरत आमच्या मजल्यावर आली, थांबली, दार उघडल्याचा आवाज झाला. उतरणाऱ्याची पावलं काही वाजली नाहीत.

सिस्टर नव्या घरी गेली. समोरचं दार बंद असतं. तिचा अधूनमधून फोन येतो. आवाजावरून सुखात आहे, ते कळतं. मला तेवढंच हवं होतं. दर वेळी शेवटी तेच म्हणते, “काकू, सहीचा फोटो पाठवा ना. यांना बघायचाय.” मी दर वेळी काहीतरी सांगते. फोन बिघडलाय. सापडत नाही. ह्यांच्या फोनमध्ये गेलाय.

परवा पुन्हा फोन आला.

“काकू, कळलं का? ह्यांचा उजवा हात गाडीच्या दारात सापडला. हाड वाचलं, पण पट्टी आहे. ड्युटी बंद.”

“अगंबाई! मग सगळं तूच करतेस का?”

“छे हो!” ती खुदकन हसली. “पहिल्या दिवसापासून सगळं डाव्या हाताने करतायत. सही करतात, दाढीसुद्धा करतात. एक ओरखडा नाही. आणि इतकं सफाईने, काकू... बघणाऱ्याला वाटेल, जन्मापासून तसेच आहेत. मला तर कधी कधी...”

ती थांबली. मागून कुणीतरी हलकेच काहीतरी म्हणालं. मला शब्द कळले नाहीत.

“काय म्हणतायत ग?” मी विचारलं.

“काही नाही. तुमच्याकडचा तो फोटो आता राहू द्या म्हणतायत.”