मागच्या सीटवरचं वजन

सिग्नल लाल झाला, मार्सीने ब्रेक दाबला आणि एकोणसत्तर सालची हिरवी शेव्हेल गाडी ओल्या वुडवर्ड रस्त्यावर अशी काही घसरली, की तोंड फिरून रस्त्यात आडवीच थांबली. मागच्या पिकअपमधला तरुण भर पावसात धावत आला आणि थेट मागच्या चाकाशी वाकला.

"मी ठीक आहे हं... तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते," मार्सी काच खाली करून म्हणाली.

"आवाजावरून कळलं." त्याने टायरवर थाप मारली. "एवढं दांडगं इंजिन, आणि पायात या असल्या चपला? नवी रुंद चाकं घाला हिला. किंवा विकायची असेल तर—"

झालं! मार्सीच्या कपाळावर आठी चढली. वसंतात वडील गेले, तेव्हापासून जो तो या गाडीवर डोळा ठेवून होता. वडिलांची तेवढीच एक खूण तिच्यापाशी उरली होती, आणि ती तिला झाकून ठेवायची नव्हती, चालवायची होती.

त्याचं नाव ग्रेडी टॉलिव्हर. हेझल पार्क गावात त्याचं गॅरेज होतं. हात चांगला आहे, असं सगळेच सांगत, म्हणून गाडी त्याच्याकडे दिली. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडायची... आणि अशा माणसांवर तर मुळीच विश्वास ठेवू नये, असं तिचं ठाम मत होतं.

चाकं बसली. गाडी दिसायला लागली झकास. "पण मागे वजन असल्याशिवाय खरं कळत नाही," ग्रेडी म्हणाला. "तुम्ही चालवा, मी मागे बसतो."

रेल्वेच्या रुळांवरून गाडी उसळली आणि मागून आवाज आला— खर्रर्र! टायर मडगार्डच्या कडेला घासलं होतं.

"गाडी जॅकवर असताना माप घेतलं मी," ग्रेडी कान धरून म्हणाला. "लोंबतं चाक कुठेच लागत नाही. जमिनीवर टेकवून मोजायला हवं होतं. नवशिक्याची चूक!"

"की मुद्दाम केलेली?"

"बाई, तुम्ही पोलिसात भरती का नाही झालात?"

पुढच्या शनिवारी ती गेली, तर हा गडी बेसबॉलची बॅट घेऊन शेव्हेलपाशी उभा! मार्सी किंचाळलीच. मग त्याने ती बॅट टायर आणि मडगार्ड यांच्या मध्ये सरकवली आणि गाडी हलके हलके ढकलली. बॅट फिरत गेली, आतली कड वर दुमडत गेली. रंगाला चराही नाही. मार्सी बघतच राहिली. कडेकडे... आणि जरा त्याच्या हातांकडेही.

तरी आवाज थांबेना. त्या शनिवारी आला, पुढच्या शनिवारीही आला. दर फेरीनंतर रस्त्याकडेच्या टपरीवर ते खिमा घातलेले कोनी हॉट डॉग खायचे आणि ग्रेडी म्हणायचा, "पुन्हा बघावं लागेल." आरशात नजरानजर झाली की तो घाईने खिडकीबाहेर बघायचा.

"गाडी अडकवून ठेवतोय तो," आयरीन मावशी फोनवर म्हणाली. "तू कंटाळून विकशील म्हणून!"

मार्सीला ते पटलं, आणि पटलं म्हणून फार वाईट वाटलं. शनिवारची ती वाट बघायला लागली होती. गाडीपायी नव्हे. तेच तर मेलं लागत होतं मनाला.

त्यानंतरच्या शनिवारी तो हात धुवायला गेला, तेव्हा तिने दोन्ही मडगार्डच्या आतल्या कडेला जाड खडू फासला. टायर घासलं, तर खडू पुसला जाणार. रुळांवर गाडी उसळली. खर्रर्र! मार्सीने तिथेच गाडी बाजूला घेतली, उतरली आणि वाकून बघितलं.

खडू जसाच्या तसा होता.

"उतर खाली," ती म्हणाली. "हातात काय आहे?"

ग्रेडी उतरला. हातात मोजपट्टी होती. ती सीटखालच्या स्प्रिंगवर घासली, की अगदी तस्साच आवाज निघायचा.

"गाडी हवी होती ना तुला?" तिने विचारलं. "माझ्या वडिलांची गाडी—"

"गाडी?" तो गोंधळला. "गाडीचं काम बॅट फिरवली तेव्हाच संपलं, मार्सी. ती घेऊन तू गेली असतीस, आणि परत... कशाला आली असतीस? दुसरं कारणच सुचेना मला. चुकलो. तू आवडतेस, एवढं सरळ सांगायचं सोडून स्प्रिंगा खाजवत बसलो."

मार्सीला हसू येत होतं आणि रागही. "खोटारडा आहेस तू."

"आहे." त्याने मान खाली घातली. "गाडी ने. मी जातो चालत."

तो खरंच चालायला लागला. दहा पावलं, वीस... मार्सी गाडीत बसली. शेव्हेल गुरगुरत त्याच्या शेजारी येऊन थांबली. पुढचं दार उघडलं.

"पुढे बस. मागे बसलास की भलतेच आवाज येतात. आणि मलाही... आवडतोस. पण माझा विश्वास नाहीये हं अजून."

त्याने दार लावून घेतलं. तिने गाडी वळवून रुळांवरून नेली. उसळली, अलगद बसली. काही आवाज नाही.

"पुन्हा एकदा बघते," ती म्हणाली. "खात्री करायला."

पुन्हा नेली. तरीही आवाज नाही.

तिने तिसऱ्यांदा गाडी वळवली, तेव्हा मात्र ग्रेडीला तिचा संशय यायला लागला.