तुटलं तिथून पुढे

मोबाइल उलटे ठेवा सगळ्यांनी. तोंडावर उजेड नको. आणि ज्याला हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं, मागाहून येणार नाही. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली तो नऊ वर्षं माझ्या शेजारच्या टेबलाला बसत होता. घरी त्याला धाकटा म्हणायचे, आपणही तेच म्हणू.

काम तसं साधं होतं. एक फाइल आणायची होती. नोव्हेंबरची एकोणीस तारीख, मंगळवार, रात्रीचे सव्वाअकरा. बायकोमुलं झोपलेली. धाकटा स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला.

फाइल आईच्या आवाजाची. आई जाऊन चार वर्षं झाली होती. शेवटच्या आठवड्यात थोरला भाऊ तिच्या उशाशी होता, आणि ती बोलली ते त्यानं रेकॉर्ड करून ठेवलं. धाकटा पोचलाच नाही. "उद्या निघतो" असं तीनदा म्हणाला, आणि चौथा फोन करायची वेळच आली नाही. थोरल्यानं ते मनात धरलं. तरी पुढे महिन्याभरात त्याला पाझर फुटला असावा, कारण त्यानं आपल्या घरच्या मशिनवरून, म्हणजे कॉम्प्युटरवरून, ती फाइल ह्याला उघडी करून दिली. अठ्ठावन्न टक्के उतरली, तेवढ्यात फोनवर दोघांचं वाजलं. थोरला म्हणाला, "बस झालं तुला एवढं," आणि मध्येच तोडून टाकली. त्यानंतर दोघं बोलले नाहीत.

त्या अर्ध्या फाइलीत आई औषधांना नावं ठेवते, शेजारणीची नक्कल करते, स्वतःच हसते. मग आवाज खाली येतो. "धाकट्याला सांग..." आणि तिथे तुटतं. काय सांग? माफ केलं म्हणून? की तोंड दाखवू नको म्हणून? चार वर्षं हा माणूस तेवढंच लावून ऐकत होता. मला हे सांगताना तो भर ऑफिसात रडला होता.

ऑक्टोबरात थोरला गेला. एकोणीसच्या संध्याकाळी वहिनीनं फोन केला तो एवढ्यासाठीच. "भावजी, उद्या सकाळी नऊला मी ह्यांची खोली रिकामी करणार. मशिन चालू ठेवलंय, दाराला कुलूप लावलंय. तोवर काय न्यायचं ते न्या. घरी मात्र येऊ नका."

"वहिनी, तुम्ही होतात ना तिथे? तुम्हीच सांगा, आई काय म्हणाली."

"सांगायचं नाही, असं ह्यांनी मला बजावलंय," म्हणाली आणि फोन ठेवला.

आता तुम्ही बटण दाबता आणि फाइल येते. जाणकार माणूस काळ्या पडद्यावर एक ओळ लिहितो. तिच्यात एक छोटं अक्षर घातलं, की मशिन पहिल्यापासून सुरू करत नाही. आपल्याकडे किती आलंय ते मोजतं आणि समोरच्याला म्हणतं, आता पुढचं दे. पण नुसतं मोजतं, बरं का! येतंय ते मागच्याचंच आहे का, हे बघत नाही. फाटक्या वहीला कोणी दुसऱ्याच वहीची पानं दिली, तरी मुकाट्यानं शिवून टाकतं.

त्यानं ओळ लिहिली. एंटर. चार वर्षं अडकलेले अठ्ठावन्न हलले. एकोणसाठ. साठ. धाकट्याला हुंदका आला.

चौसष्टला थांबलं. पडद्यावर आलं, समोरून बंद केलं. लाइन गेली तर मशिन असं म्हणत नाही. वाट बघतं, थकतं, मग उत्तर येत नाही म्हणतं. हे तसं नव्हतं. पलीकडून कोणीतरी मुद्दाम बंद करत होतं.

वरचा बाण, एंटर. मघाचीच ओळ पुन्हा चालू. एकाहत्तरला बंद. वरचा बाण, एंटर. पंचाहत्तरला बंद. मग सत्त्याहत्तरला.

दोन वाजून दहा मिनिटांनी त्यानं वहिनीला उठवलं.

"मशिनला कोणी हात लावतंय का?"

"कोण लावणार? घरात मी एकटी. किल्ली माझ्या उशीखाली."

"दारापाशी जाऊन बघता एकदा?"

चपलांचा आवाज. मग तो थांबला.

"वहिनी?"

"भावजी..." आवाज अगदी बारीक झालेला. "आत खुर्ची करकरतेय."

धाकट्यानं फोन कानाशी आणखी दाबला.

"ते बंद करा, भावजी. ह्यांना नकोय."

शहाणा माणूस थांबला असता. पण तोंडाशी आलेला घास कोण सोडतो? त्यानं फोन ठेवला. वरचा बाण. एंटर. शहाऐंशी. बंद. एंटर. त्र्याण्णव. बंद. एंटर. फोन वाजायला लागला. उचलला नाही. एंटर.

मग एकदम... कोणी अडवेनाच.

शंभर.

त्यानं हेडफोन लावले.

"धाकट्याला सांग..."

आईमागे पंख्याची घरघर होती. ती थांबली. दुसरीच खोली. शांत.

खुर्ची करकरली.

मग दाराबाहेरून, दबलेला, वहिनीचा आवाज. "ते बंद करा, भावजी. ह्यांना नकोय."

आत्ताचं वाक्य. अर्ध्या तासापूर्वीचं. आणि ऐकणारा... दाराच्या आत.

मग अगदी कानाशी. थोरला.

"नाही सांगणार."

...

आईसाठी तीनदा न निघालेला माणूस त्या रात्री अनवाणी निघाला. सहाला भावाच्या दारात. वहिनी पायरीवर बसली होती, किल्ली मुठीत. तिनं उठून कुलूप काढलं. खोलीत कोणी नव्हतं. मशिन चालू होतं, आणि त्यात आईची फाइल नव्हती.

तो अनवाणीच मशिनपुढे उभा राहिला. तिला दया आली. म्हणाली, "बसा. मीच सांगते. माझ्या कानात आहे सगळं. आई म्हणाल्या, धाकट्याला सांग..."

ओठ हलत राहिले. आवाज नाही.

ती पाणी प्यायली. पुन्हा सुरुवात केली. औषधांचं सांगितलं, शेजारणीचं सांगितलं, सगळं स्वच्छ. पुन्हा तिथे आली. पुन्हा... काही नाही. ती घाबरून रडायला लागली, आणि रडण्याचा आवाज मात्र येत होता.

गेल्या वर्षी मी स्वतः गेलो होतो तिच्याकडे. मला वाटलं, बाईच्या मनानं घेतलंय. म्हटलं, वहिनी, बोलू नका, लिहून द्या. माझं पेन दिलं. तो कागद मी जपून ठेवलाय. 'धाकट्याला सांग' इथवर अक्षर कसं ठळक आहे. त्याखाली तिनं चार ओळी लिहिल्या. माझ्या डोळ्यांदेखत लिहिल्या. तिथे नुसते पांढरे ओरखडे आहेत, शाई नाही.

परत आलो आणि गाडीत बसून त्याच कागदाच्या मागे त्याच पेनानं माझं नाव लिहून बघितलं. उमटलं.