हाताआधीचा आवाज

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावास्या लागते, पिंपळ लागतो. इथं त्यातलं काहीच नाही. ही गोष्ट घडली मिरजगावात, मार्चातल्या एका मंगळवारी, टळटळीत उन्हात, दुपारी चारला. तेवढी ती कंदिलाची ज्योत वर करा, आणि मध्येच 'असं कसं होईल' म्हणून मला अडवू नका. कसं झालं ते मलाही सांगता येत नाही. झालं एवढं खरं.

उझैर निघाला होता ॲम्प्लिफायर निवडायला. नगरच्या मुकुंदनगरातला हा गडी, एमआयडीसीत मशीनवर कामाला, आणि सुटला की गिटार. तीही साधीसुधी नाही, मेटल! गल्लीतले म्हातारे विचारायचे, "अरे, गिटार वाजवतोस का पत्रे कापतोस?" त्याची धाकटी बहीण हुमेरा बेस वाजवायची, म्हणजे जाड तारांची, खर्जातली गिटार. दोघा भावंडांचा जीव आपल्या बँडमध्ये अडकलेला. शुक्रवारी पुण्याच्या एका स्टुडिओत त्यांचं गाणं रेकॉर्ड व्हायचं होतं. अशी संधी परत परत थोडीच येते?

आणि नेमक्या दोन गोष्टी अडल्या होत्या. एक, उझैरचा ॲम्प जोरात लावला की सगळा चिखल व्हायचा. त्याला पाहिजे होता दणदणीत तरी घट्ट, स्वच्छ आवाज, प्रत्येक ठोका सुटा. आणि दोन, गाण्याला शेवटच नव्हता. सहा महिने डोकं आपटलं, पण सुचेल तर शपथ. "भाई, तू आवाजाचं बघ, शेवटाचं मी बघते," हुमेरा सकाळी म्हणाली होती.

मिरजगावचा वाल्मिक मिस्त्री म्हणजे व्हॉल्व्हचा माणूस. काचेचे ते छोटे दिवे, तापले की आत निखाऱ्यासारखे लाल होतात. जत्रेतल्या तंबूच्या सिनेमाची मशिनं दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली, आणि म्हातारपणी पुण्याची लांब केसवाली पोरं व्हॉल्व्हचे ॲम्प बनवून घ्यायला त्याच्या दाराशी यायला लागली. त्याची बायको मुक्ताबाई त्या ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरची तार हातानं गुंडाळायची, एकेक वेढा तोंडानं मोजत. तिचा एकही वेढा कधी चुकला नव्हता.

उझैर गिटार घेऊन तीनलाच पोचला. मिस्त्रीनं त्याला मागल्या ओट्यावर बसवलं.

"आत्ता काय बी लावत न्हाई. शेतातल्या मोटारी चालू हायेत, होल्टेज मार खातंय. चारला शेताची थ्री-फेज जाती, घरची लाईट ऱ्हाती, मग बघू."

"आणि स्पीकर कुठंय, मिस्त्री?"

"त्यो मागं, कांद्याच्या चाळीत. खोलीत समदेच ॲम्प ग्वाड लागत्यात, उझैरभाई. खरं-खोटं चाळीत कळतं."

घरामागं वीस पावलांवर ती चाळ, लांबलचक, लाकडी फळ्यांची, हंगाम यायचा म्हणून रिकामी. फळ्यांच्या फटीतून वाऱ्यासरशी जुन्या कांद्याचा कुजका वास यायचा. ओट्यावरून एक काळी वायर अंगणातून सरळ तिच्यात गेलेली होती.

चार वाजले आणि मोटारी थांबल्या. एकदम. शिवारभर दिवसभर चाललेली ती घरघर कुणीतरी मुठीत धरून बंद केली असं वाटलं. उझैरच्या कानांना पहिल्यांदा कळलं की शांतता म्हणजे काय असते. लांबवर कुठंतरी एक शेळी खोकली, तेवढीच.

मिस्त्रीनं पहिला ॲम्प लावला. उझैरनं तळहाताची कड तारांवर दाबून ठोके मारले. आवाज मोठा, पण सैल, ठोका संपला तरी मागं रेंगाळणारा.

"खर्ज आदी छाटायचा आन मग गेन, म्हंजी आवाजाचा जोर, चढवायचा," मिस्त्री म्हणाला. "ह्यात त्यो छाटायचा राह्यलाय. दुसरा बघा."

दुसरा खरंच चांगला होता. निवडलेल्या ज्वारीसारखे सुटे ठोके. शहाणा माणूस तिथंच उठला असता. पण उझैरची नजर गेली कोपऱ्यात, गोणपाटाखाली झाकलेल्या तिसऱ्याकडं.

"आणि तो?"

मुक्ताबाई चहा घेऊन येत होती. ती तिथंच थबकली. "त्यो नगं, बाबा."

"का हो, मावशी?"

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "त्याची तार गुंडाळताना म्या वेढं मोजत हुते. मी एकशे बारा म्हनायच्या आत कुनीतरी एकशे बारा म्हनलं. मग एकशे तेरा. घरात मी एकलीच. आन आवाज... माझाच हुता."

उझैरला हसू यायला हवं होतं. आलं नाही. पण हावही सुटेना. आवाजाची हाव फार वाईट, खाण्यापिण्याची परवडली.

"एकदाच, मिस्त्री. नुसता ऐकतो."

मिस्त्रीनं मान खाली घातली. "खोटं कशाला बोलू? त्याच्याइतका घट्ट म्या जल्मात दुसरा केला न्हाई. पर इकायची छाती झाली न्हाई." आणि त्यानं गोणपाट काढलं. कारागीरच तो. त्यालाही ऐकायचंच होतं.

व्हॉल्व्ह तापले. तापल्या धुळीचा वास सुटला. उझैरनं पहिला ठोका मारला आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. देवा! असा आवाज असतो? एकेक सूर समोर ठेवल्यासारखा, दोन सुरांमध्ये लख्ख शांतता, आणि ताकद अशी की चाळीच्या फळ्या थरथरताना ओट्यावरून दिसत होत्या. तो वाजवत गेला. आपलंच गाणं तो पहिल्यांदा ऐकत होता, आणि त्याचा ऊर भरून आला.

आणि मग त्याच्या लक्षात आलं. ठोका आधी ऐकू येत होता. हात नंतर पडत होता.

फार नाही, पापणी लवावी एवढंच अंतर. त्याला वाटलं, भास. त्यानं हात वर उचलला आणि ठरवलं, नाही वाजवायचं. चाळीतून जाड तारेचा एक ठोका आला. त्यानं हात तसाच हवेत धरला. एक क्षण गेला... दोन... आणि मुक्ताबाईच्या हातातली कपबशी फरशीवर खळ्ळकन फुटली. उझैर दचकला, आणि त्याचा हात पडला. त्याच तारेवर. तोच ठोका.

"थांबा आता," मिस्त्री कुजबुजला. "बास झालं..."

पण थांबतोय कोण? भीती होती, नाही असं नाही. पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी त्याच्या छातीत उभं राहिलं होतं. तो वाजवू लागला. अंतर वाढत गेलं. एक मात्रा. मग अख्खी ओळ. चाळ पुढं, तो मागं. आणि गाणं सहा महिने जिथं अडलं होतं तिथं तो पोचायच्या आधीच चाळीतला आवाज पोचला, आणि थांबला नाही. पुढं गेला.

तो शेवट होता. त्यांच्या गाण्याचा शेवट. इतका सोपा, इतका सुंदर, की उझैरच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हाच तर हवा होता! मिस्त्रीनं हात जोडले होते, कुणाला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. सूर चढत गेले, वर, आणखी वर. आता दोनच राहिले असतील, उझैरला ते आपसूक कळलं...

आणि आवाज तुटला.

कर्रर्र असा एक आवाज. मग रिकाम्या चाळीतून, फळ्यांच्या फटीतून, बाईमाणसाची किंकाळी आली.

"भाई! भाई, हात सोड! अरे, मेन बंद करा कुणीतरी... भाई!"

हुमेराचा आवाज होता.

मिस्त्रीनं झेप घेऊन पिन उपटली. सगळं गप्प झालं. उझैरचे हात तारांवरच होते, नेमके गाणं अडायच्या त्या जागेवर. ते उचलताना त्याला जणू गोणी उचलायचे कष्ट पडले. तो धावत चाळीत गेला. कुणी नव्हतं. काळा स्पीकर, कांद्याची वाळकी टरफलं, उन्हाच्या पट्ट्या.

"त्या शेवटापातूर तुमी वाजवलं न्हाई ना?" मागून मिस्त्रीनं विचारलं.

"नाही."

"मग आता कवाच वाजवू नगा."

मुक्ताबाई फुटक्या बशीचे तुकडे गोळा करत होती. ती वर न बघता म्हणाली, "वाजून गेलंय नव्हं पर..."

उझैरनं रस्त्यातच हुमेराला फोन लावला. ती हसत होती, घरीच होती, काय झालं भाई म्हणून विचारत होती. काही नाही, म्हणाला. दुसऱ्या नंबरचा ॲम्प त्यानं टेम्पोत घातला होता. वाटेत त्यानं पक्कं ठरवलं. तो शेवट कुणाला सांगायचा नाही, वाजवायचा तर नाहीच नाही. गाणं अर्धवट राहिलं तर राहू दे, जीव वाचला म्हणजे बास. एवढा सुंदर शेवट पोटात ठेवायचा म्हणजे काय यातना होतात, ते वाजवणाऱ्यालाच ठाऊक.

मगरिबची अजान होत असताना तो घरी पोचला. हुमेरा बेस मांडीवर घेऊन वाटच बघत होती.

"भाई, शेवट सापडला!"

आणि तिनं वाजवला. सूर न् सूर तोच. चढत चढत वर, आणि त्याच जागी थांबली.

उझैरनं तिचा हात तारांवरून बाजूला केला. "कुठं ऐकलास?"

"कुठं म्हणजे? चारच्या सुमारास भाजी निवडत बसले होते, तर आतल्या खोलीत तूच वाजवत होतास. मी म्हटलं, भाई कधी आला? उठून बघितलं तर खोली रिकामी." ती जरा थांबली. "मग मध्येच तुटलं बघ. आणि तू केवढ्यानं ओरडलास..."

"मी? काय ओरडलो?"

"हुमेरा, हात सोड, म्हणून."

हुमेरानं बोटं परत तारांवर ठेवली आणि लाडानं हसली.

"घाबरतोस काय असा? दोनच सूर राहिलेत, भाई. शुक्रवारपर्यंत सापडतील."