खारीक वळला कशाला?

"वर! अजून वर! भिंत काय चावते का तुला?" व्यायाम शिकवणाऱ्या बाई ओरडल्या.

ताईची बोटं मुंगीसारखी भिंतीवर चढली, खांद्यापर्यंत आली आणि तिथेच बसली.

"दुखतंय. आणि वर नेऊन करू काय? रविवारी खारीकला नेणारच आहेत ना!"

खारीक म्हणजे रिंगणातला तपकिरी घोडा. सुट्टीच्या सुरुवातीला तो ताईला पाठीवर घेऊन भलतीकडेच वळला आणि समोरून येणाऱ्या ढगावर धाडकन आदळला! ढग म्हणजे पांढरा घोडा, आणि त्यावर होता सुट्टीत राहायला आलेला मावसभाऊ ढब्बू. ताईच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. ढब्बूच्या कपाळाला टाके पडले आणि डॉक्टरांनी धावायला बंदी केली. धड राहिली एकटी धाकटी बहीण टिकली. म्हणून पिशव्या टिकलीने उचलायच्या, ताईची वेणी टिकलीने घालायची, दवाखान्यात नंबर टिकलीने लावायचा. थकून थकून तिची सावलीसुद्धा मागे रेंगाळायला लागली होती. खारीकला मात्र घोडेस्वारी शिकवणाऱ्या मास्तरांनी रविवारी कायमचं दुसरीकडे धाडायचं ठरवलं होतं.

"हाड जुळलंय," बाई आईला म्हणाल्या. "पण हात असाच धरून ठेवला, तर खांदा आखडेल. मग कायमचं दुखणं!"

घरी येऊन टिकलीने ताईच्या गोळ्यांची डबी हलवली. खळखळ! मांजर कपाटावरून थेट तिच्या पायात!

"अगं बये, हा तुझा खाऊ नाही!" म्हणता म्हणता टिकली थबकली. "ढब्बू! धडकेच्या आधी अशीच खळखळ झाली होती ना?"

ढब्बूने जांभई दिली. इतकी मोठी की आत घोडा बांधता आला असता. "झाली असेल. मास्तर कुंपण ठोकत होते. खिळे शोधत असतील."

"कशात?"

ढब्बूची जांभई अर्ध्यातच मिटली. "घोड्यांच्या दाण्यांच्या जुन्या डब्यात!"

संध्याकाळी टिकलीने आईला, ताईला आणि ढब्बूला रिंगणावर ओढत नेलं. पाय दुखत होते, पण करते काय! दोन्ही घोडे मोकळेच होते, एक या टोकाला, एक त्या टोकाला.

"आलात निरोप द्यायला?" मास्तर म्हणाले. "माथेफिरू जनावर ते! पोरांच्या जिवाशी खेळ नको."

"मास्तर, एक मोठा खिळा द्या ना," टिकली भाबडा चेहरा करून म्हणाली. "ताईच्या व्यायामाचा तक्ता टांगायचाय."

"हात्तिच्या! घे की!" मास्तरांनी सवयीप्रमाणे डबा गदागदा हलवला.

खळखळ खळखळ!

दोन्ही घोड्यांचे कान ताठ! दोन्ही घोडे वळले आणि दोन बाजूंनी सुसाट आले. कुंपणापाशी खांद्याला खांदा आपटला आणि दोन नाकं एकदम डब्यात घुसायला बघू लागली!

"अरे, खिळे आहेत ते!" मास्तरांनी डबा पाठीमागे लपवला. मग हळूच खाली ठेवला. त्यांचा चेहरा पडला.

"दाणे देताना असाच हलवता ना, मास्तर?" टिकलीने विचारलं. "मग तो वळणार नाही तर काय! जेवायला हाक मारलीत तुम्ही!"

"त्या दिवशीही हाच होता हातात," मास्तर पुटपुटले. "आणि मी खापर फोडलं मुक्या जनावरावर. कुठे नाही जात खारीक. जाईल तो हा डबा!"

ताई पुढे झाली. खारीकने मान उंच केली, कारण कानामागे खाजवून घ्यायची त्याची जुनी खोड. ताईचा हात निघाला. खांद्यापाशी अडला. तिने दात-ओठ खाल्ले... आणि हात सावकाश थेट त्याच्या कानापर्यंत पोचला!

"पोहोचला गं!" आई टाळ्या वाजवत म्हणाली. "रोज इथेच व्यायाम करायचा!"

"टिकले, शाबास!" मास्तर म्हणाले. "मोठ्यांना जे दिसलं नाही, ते तू... अरेच्चा, गेली कुठे?"

टिकली दाण्यांच्या पोत्यावर आडवी पडून चक्क घोरत होती. गोळ्यांची डबी अजून मुठीतच.

"ती डबी काढून घ्या आधी," ढब्बू कुजबुजला. "झोपेत हलवली तर दोघं अंगावर येतील!"