तालमीच्या पट्ट्या

इंद्रजित इंगवलेनं डोक्यानं गोल मारला, अख्खं मैदान उभं राहिलं, आणि तो मात्र दुधाची पिशवी घरात आणून ठेवावी तसा शांतपणे आपल्या जागेवर परतला. गळ्यात पडायला आलेल्या दोघांना त्यानं पडू दिलं, कपाळावरची पट्टी नीट केली आणि चेंडू मध्यावर येण्याची वाट पाहत उभा राहिला. कोल्हापुरात फुटबॉलचे संघही तालमींचेच, आणि त्याच्या चिंचवेस तालमीची पोरं ढोल बडवत होती. समोरच्या स्टँडमधली विरोधी पेठ शिव्या देत होती. दोन्ही आवाज त्याच्यापर्यंत पोचत नसावेत असं त्याच्या चेहऱ्याकडे पाहून वाटे.

ती कपाळावरची पट्टी हे मात्र खेळातलं नवं प्रकरण होतं. पहिल्यांदा ती बांधून संघ मैदानात उतरले तेव्हा कोल्हापूरकरांनी तिची यथेच्छ टिंगल केली होती. 'नवरदेव बाशिंग बांधून आले, करवल्या कुठं हाईत' असं लोक स्टँडमधून विचारत. पट्टी बोटभर रुंद, करड्या कापडाची. तिच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी धक्कामापक चकती. चेंडू डोक्यावर आपटला की कवटीच्या आत मेंदू किती हादरला हे ती मोजायची आणि तो धक्का त्या खेळाडूच्या नावावर चढवायची. एक मर्यादा हंगामाची, एक आयुष्याची. पहिली ओलांडली तर पट्टी लाल होणार आणि खेळाडू हंगामभर बाहेर बसणार. दुसरी ओलांडली तर त्यानं बूट कायमचे खुंटीला टांगायचे. दोन हंगाम सरत आले होते आणि लाल पट्टी कुणी पाहिलेली नव्हती.

हे सगळं नोंदवायला मैदानाच्या कडेला टॅबलेट घेऊन बसायची उर्मिला इंगवले. ती पूर्वी पंच होती, आता आंतरराष्ट्रीय नियममंडळाची चाचणी निरीक्षक, आणि इंद्रजितची थोरली बहीण. भाऊ खेळतो तिथे बहीण निरीक्षक कशी, असं मंडळानं सुरुवातीलाच विचारलं होतं. ज्याचा भाऊ, भाचा किंवा मेहुणा फुटबॉल खेळत नाही असं माणूस कोल्हापुरात सापडायचं नाही, असं उत्तर इथून गेलं. मंडळानं ते मान्य केलं. एरवी कोल्हापूरच्या चारचौघींसारखी 'मी येतो, मी जातो' म्हणणारी उर्मिला मंडळाशी बोलताना आठवणीनं 'येते, जाते' म्हणे.

फुटबॉलचा नियम बदलणं हे काही गावच्या सभेत हात वर करण्याइतकं सोपं काम नाही. आधी कुणीतरी सूचना करायची. मंडळानं ती चर्चेला घ्यायची. मग जगातली एखादी लीग निवडून तिथे सलग दोन हंगाम चाचणी, तिचा अहवाल, आणि शेवटी वार्षिक बैठकीत मतदान. चारात तीन मतं पडली तरच नवा नियम जगभर लागू. कुठे शंका राहिली तर जुना नियम कायम. चेंडू डोक्यानं मारण्याबद्दल जगात वर्षानुवर्षं वाद चालला होता. काहींना ते साफ बंद हवं होतं, काहींना त्याला बोटही लावायचं नव्हतं. धक्कापट्टी ही मधली वाट. ती चाचणी कोल्हापूरच्या वाट्याला आली, कारण इथे हवेतला चेंडू कुणी पायापर्यंत येऊच देत नाही. पेठेची ईर्षा म्हटल्यावर माणूस डोकं आधी घालतो, विचार मग करतो.

आणि आता अहवाल तयार होता. इतकी डोकी आपटूनही मर्यादा कुणीच ओलांडली नाही, तेव्हा पट्टी बांधून डोक्यानं खेळणं सुरक्षित आहे, असा त्याचा सरळ अर्थ निघत होता. आठवड्याभरात पट्टीच्या नियमावर मतदान होणार होतं. परदेशी वर्तमानपत्रं त्याला 'कोल्हापूर नियम' म्हणू लागली होती आणि पेठेतल्या चौकात तसा फलकही लागला होता. उर्मिलेनं फलक वाचला. आनंद व्हायला हवा हे तिला कळत होतं, पण आबा गेल्यापासून तिला फारसं काही वाटेनासं झालं होतं. मांडी घालून फार वेळ बसलं की पायाला मुंग्या येतात, मग मुंग्याही जातात आणि पाय आपला आहे की दुसऱ्याचा ते कळत नाही, तसं तिचं आत झालं होतं.

आबा म्हणजे त्यांचे वडील, चिंचवेस तालमीचे वस्ताद. ते सकाळी गेले आणि इंद्रजित त्याच संध्याकाळी सामना खेळला, डोक्यानं गोलही मारला. पेठ धन्य झाली. पोरगं थंड डोक्याचं, बापाचं नाव राखलं, असं जो तो म्हणाला. पूर्वीचा इंद्रजित एक सामना हरला तर दोन दिवस जेवत नसे, हे त्या कौतुकात कुणाला आठवलं नाही. उर्मिलेलाही नाही. तिला उलट त्याचा आधार वाटला होता.

अंतिम सामन्याच्या काही दिवस आधी, सरावाला निघताना तालमीत नारळ फुटतो. यंदा तो उर्मिलेनं फोडावा असं नव्या वस्तादांनी, बावडेकरांनी ठरवलं. हा मोठाच मान होता. लाल मातीच्या आखाड्यापलीकडे, मारुतीच्या देवळीपर्यंत बाईमाणूस कधी गेलेलं नव्हतं. वस्तादाची लेक असून उर्मिलाही उंबऱ्यापर्यंतच आलेली होती.

तिनं नारळ फोडला, मारुतीला हात जोडले आणि मग तिचं लक्ष खाली गेलं. देवापुढे पितळी परात होती. परातीत सगळ्या संघाच्या पट्ट्या एकात एक गुंतून पडल्या होत्या. बावडेकरांनी त्यांच्यावर गुलालाची चिमूट टाकली आणि पोरं एकेक करून पुढे आली. प्रत्येकानं वाकून, हाताला लागेल ती पट्टी उचलली, डोळ्यांना लावली आणि कपाळावर बांधली. इंद्रजितनंही एक उचलली.

"वस्ताद," उर्मिला म्हणाली, "ह्या पट्ट्यांना आतल्या बाजूला नंबर हाईत. ज्याची त्यानं घालायची हाय."

"असतील की नंबर," बावडेकर हसले. "पण तालमीत आलेली वस्तू तालमीची. माझं-तुझं बाहेर. पहिल्यांदा पट्ट्या आल्या तवा पोरं भांडायली, ही लकी, ती अनलकी म्हणून. तुझ्या वडलांनी परात मागवली आणि रीत घालून दिली. तवापासनं एक तंटा न्हाई बघ."

हे ऐकून आपल्या पायाखालची जमीन सरकायला हवी, असं उर्मिलेला वाटलं. ती काही सरकली नाही. तिनं प्रसादाचं खोबरं घेतलं, चावून खाल्लं आणि बाहेर येऊन पुण्याला फोन लावला.

पट्टी बनवणाऱ्या डॉ. मृणाल चाफेकरांनी तिच्याकडून परातीचं सगळं दोनदा वदवून घेतलं. "आम्ही घामाचा विचार केला होता, पावसाचा केला होता, कुणी मुद्दाम पट्टी फोडेल याचाही केला होता," त्या शेवटी म्हणाल्या. "माणसं आपली पट्टी दुसऱ्याला देतील, तीही गुण्यागोविंदानं, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही."

म्हणजे एकाच्या डोक्याला बसलेले धक्के सगळ्यांच्या नावांवर वाटले गेले होते. गोलकीपरच्या नावावर स्ट्रायकरचे, बदली खेळाडूच्या नावावर बचावपटूचे. कुणाची मर्यादा भरणार कशी? उर्मिलेनं बाकीच्या तालमींतही चौकशी केली. कुठे परात होती, कुठे नुसती टोपली, पण रीत थोड्याफार फरकानं तीच होती.

घोळ निस्तरण्यासारखा होता, हे त्यातल्या त्यात बरं. ती चकती धक्क्यांबरोबर खेळाडूच्या प्रत्येक पावलाचा हिसकाही टिपत होती. माणसाची धावण्याची लय त्याच्या आवाजाइतकीच त्याची स्वतःची असते. त्या लयीवरून कोणत्या सामन्यात कुठली पट्टी कुणाच्या कपाळावर होती हे संगणकाला ओळखता येत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉ. चाफेकरांचा फोन आला. बहुतेक खेळाडू मर्यादेच्या आत होते. काही जण हंगामाची मर्यादा ओलांडून गेले होते. आणि एकानं आयुष्याची मर्यादा मागच्याच हंगामात ओलांडली होती. तो कोण, हे उर्मिलेला विचारावं लागलं नाही.

"अशा धक्क्यांनी स्मरण लगेच जात नाही," डॉ. चाफेकर जपून बोलत होत्या. "आधी भावना बोथट होतात. माणूस शांत होतो. घरच्यांना वाटतं, समंजस झाला. तुमचा भाऊ कसा आहे?"

"शांत आहे," उर्मिला म्हणाली.

बातमी पेठेत लपत नाही. संध्याकाळी बावडेकर वस्ताद घरी आले. चहाचा कप हातात धरून ते बराच वेळ अघळपघळ बोलले आणि मग मुद्द्यावर आले. फायनल तोंडावर आहे, बसायचे ते धक्के बसून गेले, आता एक सामना जास्त खेळल्यानं काय आभाळ कोसळणार आहे, मतदान होऊन जाऊ दे, मग सावकाश काय ते सांग, असं त्यांचं म्हणणं होतं. माणूस वाईट नव्हता. इंद्रजितला त्यांनी खांद्यावर बसवून मैदान दाखवलं होतं.

"नियमाला कोल्हापूरचं नाव लागायलंय," ते म्हणाले, "आणि तू जगापुढं सांगणार, आमच्याच रीतीनं घोटाळा झाला म्हणून? तुझ्या बापाच्या रीतीला चूक म्हणणार?"

"म्हणतो," उर्मिला म्हणाली.

वस्तादांनी कप खाली ठेवला. चहा तसाच होता. जाताना त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, नेहमीसारखाच, आणि त्या हाताचंही तिला काही वाटलं नाही.

मंडळाची बैठक पडद्यावर भरली. वेगवेगळ्या देशांतले चेहरे चौकोनाचौकोनांत बसले होते. उर्मिलेनं परात, गुलाल, रीत सगळं सांगितलं. दुभाष्यानं 'प्रसाद' या शब्दाला अडखळत काहीतरी प्रतिशब्द दिला. डॉ. चाफेकरांनी नवे आकडे मांडले. कुणी हसलं नाही, कुणी रागावलंही नाही. अध्यक्षांनी तिचे आभार मानले आणि नियम बदलण्याचे नियम वाचून दाखवले. चाचणीत दोष निघाला, म्हणून चाचणी रद्द. चाचणी रद्द, म्हणून मतदान नाही. मतदान नाही, म्हणून जुना नियम कायम. डोक्यानं खेळण्याला जगभर पूर्वीसारखीच मोकळीक राहील, नव्या चाचणीची सूचना पुढच्या वर्षी विचारात घेतली जाईल.

"आणि पट्ट्या?" उर्मिलेनं विचारलं.

पट्ट्या चाचणीचा भाग होत्या, अध्यक्ष म्हणाले, त्या काढून ठेवाव्यात.

तिनं वाद घातला. खरे आकडे समोर आहेत, धोका दिसतो आहे, निदान पट्टी तरी राहू द्या, असं ती दोनदा म्हणाली. अध्यक्षांनी ते दोन्ही वेळा शांतपणे ऐकून घेतलं आणि इतिवृत्तात नोंदवायला सांगितलं. हंगामाची मर्यादा चाचणीबरोबरच गेली, पण एक गोष्ट मंडळाला टाळता येत नव्हती. आयुष्याची मर्यादा ओलांडली तर खेळणार नाही, असं प्रत्येक खेळाडूनं सुरुवातीला सही करून मान्य केलं होतं, आणि ती सही चाचणीबरोबर रद्द होत नव्हती. म्हणजे जो नियम जगात कुठेच झाला नाही, तो एकट्या इंद्रजितला लागू झाला.

ती घरी आली तेव्हा तो स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसला होता. दाणे एका ताटलीत, टरफलं दुसरीत. उर्मिला त्याच्यासमोर बसली. वाटेत तिनं वाक्यं जुळवून ठेवली होती. तो आरडाओरडा करील, भांडी फेकील, माझ्या पोटावर पाय आणलास म्हणेल, त्या सगळ्यावर तिच्याकडे उत्तरं तयार होती. तिनं सगळं सांगितलं. परातीचं, धक्क्यांचं, सहीचं, फायनल खेळता येणार नाही हे, आणि पुढेही कधीच नाही हे.

"बरं," इंद्रजित म्हणाला आणि त्यानं पुढची शेंग फोडली.

ती थांबून राहिली. तो आणखी काही बोलेल असं वाटलं, पण त्यानं मूठभर दाणे तिच्यापुढे सरकवले. तेव्हा मात्र तिला काहीतरी वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच आत इतकं दुखलं की तिनं टेबलाची कड धरली.

"इंद्या, शिव्या दे की मला," ती म्हणाली. "तुझा खेळ घेतला मी. भांड की माझ्यासंगं."

"कशाला भांडू? बरोबरच केलंस तू." तो तिच्या डोळ्यांतल्या पाण्याकडे पाहत होता. कुणीतरी परक्या भाषेत बोलावं आणि आपण ओठांवरून अर्थ लावत बसावं, तसा तो पाहत होता. हात शेंगांवर थांबले होते. त्यानं स्वतःच्या छातीवर तळवा ठेवला, थोडा वेळ वाट पाहिली आणि मग काढून घेतला.

"ताई," त्यानं विचारलं, "आत्ता मला वाईट वाटायला पाहिजे होतं, नव्हं?"