अर्धा तास धूर नको

आसगावच्या तलावाखालच्या भाजीच्या वाडीत भल्या पहाटे एक माणूस वांग्यांच्या ओळीत पालथा पडलेला दिसला, तेव्हा डिंपलने आधी काठी उचलली आणि मग विचार केला.

"कोण हाये रे? वांगे चोरून राहिला का?"

"चोर पालथा पडून चोरते का?" तो मान न वळवताच म्हणाला. "फोटो काढून राहिलो. जरा बाजूले व्हा... नाही, राहू द्या. तशाच उभ्या राहा."

आणि कधी कुणाचं न ऐकणारी डिंपल चक्क उभी राहिली!

तो शहापूरचा मंगेश. लग्नाचे फोटो काढून पोट भरायचा, पण जीव अडकला होता भलतीकडेच. इकडे दहिवर गोठतं ते क्वचितच. त्या पांढऱ्या सकाळचा त्याला असा फोटो हवा होता, की भिंतीएवढा केला तरी वांग्याच्या पानावरची लव न् लव दिसावी. त्यासाठी एकाच जागेवरून तीस फोटो घ्यायचे आणि जोडायचे. थंडी वाढली तशा त्याच्या चकरा वाढल्या.

"थंडीसाठी येता का वांग्यांसाठी?" एकदा तिने विचारलं.

"वांग्यांसाठीच... पण वांगेवालीचा चहाही बरा असते."

एवढ्या गारठ्यात तिचे कान तापले. लक्षण बरं नव्हे, हे तिलाही कळत होतं.

कारण तिचे वडील, भैयाजी, अड्याळचं स्थळ धरून बसले होते. तिने बापाशी बोली केली होती. यंदा वाडी मी करते. साधली तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढायचं नाही, बुडाली तर तुम्ही म्हणाल तिथे मुकाट्याने जाईन. भैयाजी शब्दाचे पक्के, आणि पोरगी त्यांचीच.

जानेवारीत पारा धाडकन घसरला. डिंपलने बांधावर ओल्या तणसाचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे, ढीग रचून ठेवले होते. धूर केला की पीक वाचतं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. झुंजूमुंजू होताना ती काडी ओढणार, तोच कॅमेरा लावून बसलेल्या मंगेशने तिचं मनगट धरलं.

"अर्धा तास थांब ना... धुरात सगळं पुसट होते. असं दहिवर पुन्हा पडणार नाही."

"आन् माहे वांगे?"

"अर्ध्या तासानं काय होते?"

मनगट त्याच्या हातात होतं... काडी ओढायची राहिली. दोघं एका घोंगडीत बसले. तो अधूनमधून उठायचा, कळ दाबायचा, परत येऊन टेकायचा. उजाडलं तेव्हा अख्खी वाडी पांढरीशुभ्र झाली होती, आणि इतकी देखणी की डिंपलला रडू आलं.

ऊन चढलं तशी पानं लोंबली. दुपारपर्यंत सगळी झाडं उकडलेल्या भाजीसारखी काळी पडली.

भैयाजी ओरडले नाहीत. "धूर नाही केला?" एवढंच विचारलं.

"उशीर झाला, बाबा."

"अड्याळवाल्यांले रविवारी बोलावतो."

तिसऱ्या दिवशी मंगेश मोठा केलेला फोटो घेऊन आला. तिने पाहिलं, पानाच्या प्रत्येक लवेवर बर्फाचा काटा होता.

"मी म्हटलं म्हणून तू थांबली," तो म्हणाला. "मी भैयाजींच्या पाया पडतो. चूक सांगतो. आन् मग... तुले मागतो."

"फोटोसाठी नव्हती थांबली मी."

"मग कायले?"

"धूर केला असता, तर तू कॅमेरा गुंडाळून निघाला असता." ती त्याच्याकडे बघत नव्हती. "मले तुह्याजवळ बसायचं होतं. तेवढा अर्धा तास. झाडं मरतीन हे माहीत होतं मले, तरी बसली. मंग बाबाच्या पाया तू काहून पडतो?"

"डिंपल, असं नको—"

"बोली माही होती. मीच पाळीन."

तिने फोटो त्याच्या हातात दिला आणि काळी झाडं उपटायला लागली. मंगेशने कॅमेरा बांधावर ठेवला आणि त्याच ओळीत दुसऱ्या टोकाकडून उपटायला वाकला. ओळ संपेपर्यंत ती त्याला जा म्हणाली नाही.

संपल्यावर म्हणाली.