कॅमेऱ्याखालचा पाट

हे खरं आहे. पटत नसंल तं इथंच थांबा. मले कोणाची मनधरणी करायची नाई.

पांढरं लुगडं, उलटे पाय, पिंपळावरची बाई... असल्या गोष्टी मी पण लय ऐकल्या. हसू येते. इतकं पांढरंशुभ्र लुगडं भुतिणीले धुऊन कोण देते?

आमच्या घरी झालं ते असलं नव्हतं.

मागच्या वैशाखातली गोष्ट. रायपूर, भनपुरी, आमच्या घराचं छत. नुकताच अंधार पडला होता. आभाळ साफ. ढगाचा ठिपकाही नाई. चांदण्या लखलखत होत्या.

हे ध्यानात ठेवा. आभाळ साफ होतं.

माझी सून देवश्री कॉलेजात फिजिक्स शिकवते. तिले आठवा महिना लागलेला. चालताना स्वतःचे पाय दिसत नव्हते, अन् बाईसाहेब रोज सांजेले छतावर कॅमेरा लावून बसत. काहून? तं म्हणे, वादळाच्या वरती, विजेच्याही कितीतरी वरती लाल उजेड निघते. पापणी लवायच्या आत विझते. तिकडं ओडिशात वादळ असलं अन् इकडं आपलं आभाळ साफ असलं, तं आपल्या छतावरून त्याचा फोटो निघते.

त्याले नाव काय, तं स्प्राइट. थंड्या बाटलीचं नाव. इतकं शिकून नाव ठेवायची अक्कल नाई.

माझा पोरगा शेखर त्या वेळी बीरगावच्या कारखान्यात, पाळीवर. घरी असता तरी काय? बायकोपुढं नंदीबैल.

मी देवघरात दिवा लावाले वाकली. पाहते तं... पाट नाई.

शेवंताचा पाट.

शेवंता माझी नणंद. पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आलेली. पायाळू माणसाकडं वीज ओढल्या जाते, हे आमच्यात शेंबड्या पोरालेही माहीत आहे. म्हणून घरची रीत होती. आभाळ गरजलं की शेवंतानं सागवानी पाटावर बसायचं, पाय वर घेऊन. गडगडाट थांबला की उतरायचं.

पहिल्या बाळंतपणाले ती माहेरी आली होती, अभनपूरले. एका सांजेले गडगडाट झाला, अन् थांबला. आभाळ मोकळं झालं. चांदण्या निघाल्या. ती पाटावरून उतरली, अंगणात गेली...

साफ आभाळातून वीज पडली.

ती गेली. पोटातलं गेलं. एका पायातलं जोडवं पायातच होतं. दुसऱ्या पायातलं कधी सापडलंच नाई.

तवापासून तो पाट देवघराखाली. त्यावर कोणी बसत नाई. कोणी हलवत नाई.

मी तरातरा जिना चढली.

छत थोडं उतरतं आहे. कॅमेऱ्याची तिपाई सरळ राहावी म्हणून सूनबाईनं खाली घातला होता... पाट.

मग मी बोलली. तिच्या आईपासून तिच्या मोठ्या साहेबापर्यंत कोणाले सोडलं नाई. ती हसत होती. शेवंताची गोष्ट तिले माहीत होती. म्हणे, अशी वीज असते, ढगाच्या डोक्यातून निघून कोसभर आडवी येते अन् साफ आभाळातून पडते. त्यात पायाळूचं काही नाई.

"आज का तूफान तो संबलपूर के भी पार है, आई. आवाज तक नहीं आएगा. थोडं थांबा, मग पाट देते."

"तुझं थोडं मले माहीत आहे. उठ."

उठली नाई.

तिच्याजवळ एक डब्बी होती. दूर वीज चमकली की त्यातून चटचट वाजे, पापड भाजल्यासारखं. पूर्वेकडं, आभाळाच्या अगदी काठाले उजेड लपलपत होता. गडगडाट नाई. मुकी वीज. बसून पाहाले काय आहे त्यात?

मग रातकिडे बंद झाले.

मग ट्रक. भनपुरीत ट्रकांची घरघर कधी थांबत नाई. झोपेतही कानात राहते. ती थांबली...

मग डब्बी गप्प झाली. काठाले उजेड मात्र लपलपतच होता.

देवश्रीनं डब्बीले टिचकी मारली. वायर हलवून पाह्यली.

"बॅटरी तो फुल है."

अन् मग... टण.

लाकडावर चांदी वाजावी तसं.

मग काहीच नाई. दुसरं पाऊल पडाले जेवढा वेळ लागते, तेवढा वेळ काहीच नाई.

पुन्हा... टण.

एक पाऊल वाजे. एक मुकं.

आवाज पाटातून येत होता. पाटावर तिपाई होती. बाकी कोणी नाई.

मी तिपाईचे पाय मोजले. तीनच.

तेवढ्यात कॅमेऱ्याच्या पडद्यावर लाल उजेड झाला.

"आ गया," देवश्री हळूच म्हणाली. तिनं फोटो थांबवून मले दाखवला. दूरच्या ढगाच्या खूप वर, काळ्या आभाळात, लाल काहीतरी टांगलेलं. वर गोळा. खाली लोंबते धागे. तिनं धाग्यांवर बोट ठेवलं. म्हणे, हे आधी खाली उतरते, वरचा गोळा मागून फुलते.

तिले धागे दिसले.

मले दोन पाय दिसले. आधी पाय.

"आई..."

देवश्रीनं पोट धरलं होतं.

"बाळ... पूरा घूम गया."

डब्बी पुन्हा चटचटली. रातकिडे आले. ट्रक आले.

मी पाट खसकन ओढला. तिचा महागाचा कॅमेरा आडवा झाला. तिनं कॅमेरा सोडून माझा हात धरला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरणीनं मशीन लावलं. त्याच आठवड्यात डोकं खाली आहे म्हणाली होती. आता पाय खाली. म्हणे, बाळ फिरते, असं होते. बाळ फिरते हे ती मले सांगते. पाटावर टण वाजल्यावरच काहून फिरते, ते सांग म्हटलं, तं औषध लिहाले लागली.

ऑपरेशन करून पोट्टी झाली, मले नात. तिथंही आधी पायच बाहेर आले.

देवश्रीच्या फोटोचं कॉलेजात कौतुक झालं. ती म्हणते, दोन गोष्टी एका वेळी झाल्या म्हणून एकीनं दुसरी होत नाई. म्हणू दे. पण छतावर ती पुन्हा चढली नाई. म्हणे, पोट्टीपायी सवड मिळत नाई.

पोट्टी आता रांगते. डोक्यावर ढग फुटले तरी खुशाल झोपते. पण एखाद्या सांजेले आभाळ साफ असते, चांदण्या असतात... अन् ती खेळता खेळता थांबते. पूर्वेकडच्या भिंतीकडं पाहते. दोन्ही पाय पोटाशी घेते.

तिकडं काठाले उजेड लपलपून राहिला का, ते पाहाले मी छतावर जात नाई. मी भीत नाई कोणाले. जात नाई, एवढंच.

परवा पुन्हा तसंच झालं. मी उठायच्या आधी देवश्री उठली. फिजिक्सवाली. देवघराखालून पाट काढला. पोट्टीले त्यावर बसवलं. माझ्याकडं न पाहता विचारलं,

"आई, कितनी देर बिठाना होता है?"

गडगडाट थांबेपर्यंत. रीत तशीच आहे.

मी कान देऊन ऐकलं...

गडगडाट तं सुरूच झाला नव्हता. मग उतरवायचं कधी?